लिहून लावलेला दिवा

सुकापुरात बटण दाबून दिवा लावणारे घरोघरी सापडतील. लिहून दिवा लावणारा एकच, बुधाजी! साठी उलटल्यावर हा माणूस अक्षरं शिकला, आणि आता त्याच अक्षरांनी वीज हलवणार होता. ही बातमी त्याने स्वतःच पार लांबच्या मोऱ्याच्या बोटीच्या धक्क्यापर्यंत पोचवली होती.

यंत्र नातीचं, इंजिनियर भाविकाचं. कॉम्प्युटरला यूएसबीच्या वायरने एक डबा जोडलेला आणि डब्यातून आठ तारा निघालेल्या. सातांवर लग्नाच्या लॉनवरच्या दिव्यांच्या माळा, आठवीवर हिरवळीच्या फवाऱ्यांचा पंप.

"आजोबा, कॉम्प्युटरला हा डबा एका फाइलसारखा दिसतो," भाविकाने समजावलं. "फाइलमध्ये लिहाल ते थेट डब्याला पोचतं. एक लिहिलं की माळा लागतात, शून्य लिहिलं की बंद."

"म्हंजे वहीच की," बुधाजी म्हणाला.

लॉनचा मालक भावेश, म्हणजे बुधाजीचा मुलगा आणि भाविकाचा बाप. त्याने आधीच बजावलं होतं, "हृतिकच्या हळदीला हे चाललं तर लॉनचं सगळं काम पोरीला. नायतर उद्या नवीन पनवेलचा कंत्राटदार बोलावतो."

पण ऐन हळदीत भाविका करवली. भाऊ हृतिकच्या शेजारून ती हलणार कशी?

"मी हाय ना," बुधाजीने खुर्ची ओढली.

शेजारचा धर्मराज मुद्दाम जवळ येऊन उभा राहिला. "बुधाजी, दिवा लावतोस का व्याह्याला चिठ्ठी लिवतोस?"

बुधाजी खुर्चीत नीट बसला. फाइल उघडली. कोरी! आता कोऱ्या पानावर एकदम आकडा लिहायचा? तेही नातवाच्या हळदीत? रात्रशाळेच्या बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, वर 'श्री' काढल्याशिवाय पान सुरू करायचं नाही. त्याने शांतपणे 'श्री' लिहिलं आणि पाठवलं.

माळा भुतानं झपाटल्यागत लागल्या, विझल्या, पुन्हा लागल्या आणि सगळ्या मिळून गप्प झाल्या. मग हिरवळीतून फवारे उठले आणि पहिल्या रांगेतल्या बायका पाटासकट सरकल्या.

"बाबा, काय लिवलं?" भावेश ओरडला.

"देवाचं नाव."

श्री कमी पडला असणार, असं बुधाजीला वाटलं. त्याने अख्खं 'श्री गणेशाय नमः' लिहिलं. माळा बेंजोच्या तालावर नाचल्या, दोन माळा लागून राहिल्या, आणि फवारे काही थांबेनात. हृतिकच्या अंगावरची हळद फवाऱ्याने उडून धर्मराजाच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेली. पोरं पाण्यात नाचू लागली, मागोमाग त्यांच्या आयाही.

भाविका पळत आली. शून्य लिहून पंप बंद केला, एक लिहून माळा लावल्या. "आजोबा, तुमच्या एका 'श्री'चे बारा तुकडे होऊन डब्यात गेले. डब्याने प्रत्येक तुकडा हुकूम समजून पाळला. शेवटच्याने पंप चालू केला." तिने हळूच बापाकडे पाहिलं. कंत्राटदार आलाच म्हणायचा.

धर्मराज सदरा पिळत भावेशपुढे आला. "आमच्या पोरीची, दीपिकाची हळद इथंच. दिवे असेच नाचले पायजेत, पाणी पण पायजे. जमणार का?"

भावेशने एकदा ओल्या मांडवाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. "हिला इचार. काम तिचंच हाय."

दुसऱ्या दिवशी भाविकाने एक आणि शून्य सोडून बाकी सगळं अडवणारा पहारा प्रोग्रॅममध्ये बसवला आणि त्याला नाव दिलं 'बुधाजी'.

तेव्हापासून बुधाजी भेटेल त्याला सांगतो, "माझं नाव कॉम्प्युटरात घातलंय." कशासाठी घातलंय, हे अजून कुणी विचारलेलं नाही, आणि तोही विचारू देत नाही.