दिव्याजवळ कोण बसलंय?

भानुदासकाका आमच्या घरी आले की आधी माणसांना भेटत नाहीत, भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाला भेटतात. चप्पल काढतात, पालथा हात बोर्डावर ठेवतात, डोळे मिटतात. लेकराच्या कपाळाला हात लावून ताप बघावा तसं. मग निकाल येतो. "सर, बोर्ड तापायलाय. गीझर आन् इस्त्री संगंच लावली व्हय?"

लावलेली असतेच. मी इस्त्रीची वायर काढतो, मग काका 'कसं काय' विचारतात.

पुंडलिकनगरात आमच्या समोरच्या घरी ते एकटे राहतात. मूळचे करमाडकडचे. शेंद्र्याच्या एका कंपनीत आग विझवायच्या खात्यात सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले, पण नाक ड्यूटीवरच राहिलं. एकदा सुनंदा, म्हणजे माझी बायको, वरणाला फोडणी देत होती. काका रस्ता ओलांडून धावत आले आणि थेट सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून मोकळे.

"काका, हिंग आहे तो!"

काकांनी कढल्यात नाक घातलं. "हिंगच हाय," ते नाइलाजानं म्हणाले, "पर लई कडक हाय."

आमच्याकडे चोरांच्या धाकानं प्रत्येक गॅलरीला लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप. काकांचा सगळ्यांना एकच सवाल, "चावी कुठंय?" कपाटात असेल, असं म्हणालात की मेलात. "घर पेटल्यावर कपाट धुंडाळीत बसायचं व्हय?" लगेच जाळीशेजारी चावी टांगायला खिशातून खिळा निघतो. हातोडी मात्र तुमची. मागच्या गल्लीतल्या वास्तुशांतीला लोक टॉवेल-टोपी घेऊन गेले, तर काका वाळूनं भरलेली लाल बादली. तिला रीतसर हळदकुंकू लावलेलं. यजमानीणबाई आधी बादलीच्याच पाया पडल्या.

मला या माणसाचं भारी कुतूहल. त्यातून नवरात्र आलं की ते वाढायचं. घरोघरी घट बसतात, नऊ दिवस अखंड दिवा असतो, तो विझू द्यायचा नसतो. काका रोज सकाळी दारोदार फिरून विचारणार, "दिवा एकटा नाय ना?" आमचा दिवा त्यांनीच पाण्याच्या परातीत ठेवायला लावला आणि वर काच आणून दिली. पण त्यांच्या स्वतःच्या घरात घट नाही, दिवाही नाही. देवाधर्माचं वावडं म्हणावं, तर दर मंगळवारी मारुतीला जातात. हे काही केल्या मला उलगडत नव्हतं.

मागच्या नवरात्रात सहाव्या माळेला जालन्याहून फोन आला. सुनंदाचे वडील पडले होते, दवाखान्यात नेलं होतं. आम्ही पिशवी भरली, आणि सुनंदा देवघरापाशी अडून राहिली. दिवा विझवायचा तर अपशकुन, तसाच सोडून जायचं तर भीती. वडिलांच्या काळजीनं आधीच तिचे डोळे भरले होते.

"जावा तुमी," दारातून काका म्हणाले. "मी बसतो."

वडिलांचं निभावलं, नुसतं मनगट मोडलं होतं. संध्याकाळी परतलो तर काका दिव्यापासून हातभर अंतरावर मांडी घालून बसलेले. खिडकीचा पडदा गुंडाळून सुतळीनं बांधलेला, शेजारी पाण्याची बादली. सुनंदानं काढून ठेवलेल्या ताटाला हातही लागलेला नव्हता.

चहा देताना तिनं विचारलंच. "काका, तुमच्याकडे का नाही घट बसवत?"

"कमल होती तवर होता की." काकांनी कप खाली ठेवला. "एका सालाला ती चुलीपाशी गेली, आन् वाऱ्यानं पडदा दिव्यावर. हातानंच विझवला तिनं. मी तवा कंपनीत, दुसऱ्याची आग राखीत." त्यांनी स्वतःच्या उजव्या तळव्यावरून बोट फिरवलं. "हात आखडला तो आखडलाच. मग भाकर डाव्या हातानं थापायची. गोल नाय यायची, पर मी कवा बोललो नाय."

कमलकाकूंना जाऊन चार वर्षं झाली होती.

"दिवा लावावा वाटतं, लई वाटतं," काका म्हणाले. "पर मी एकटा. अंघोळीला गेलो, तर त्याच्यापाशी कोण?"

यंदा घटस्थापनेला सुनंदा वात, तेल आणि आमची जुनी परात घेऊन समोर गेली. काकांनी कमलकाकूंच्या समईत दिवा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा गेली आणि दिव्याजवळ मांडी घालून बसली. "काका, उठा. अंघोळ करून या."

मी दारात उभा होतो. आतून पाण्याचा आवाज येऊ लागला आणि लगेच थांबला.

"सूनबाई, पडदा बांधला का?"

"बांधला."

"जाळीची चावी?"

"खिळ्याला आहे, काका."

मग पुन्हा पाणी पडू लागलं, आणि बराच वेळ पडत राहिलं.