ज्याच्या हाती गोटा

समेटाच्या खोलीत शिरताच आजींनी खुर्च्या तपासल्या आणि त्यांतली दणकट खुर्ची स्वतः घेतली. वास्तविक बोलावणे सोळा वर्षांच्या नातीला होते. शिंप्याच्या दुकानाबाहेर उभ्या असलेल्या बाईच्या पुतळ्याला तिने काळ्या तैलरंगाने मिशा काढल्या होत्या. रंग ओघळला आणि पुतळ्याच्या अंगावरचा, गिऱ्हाइकासाठी शिवलेला कोट वाया गेला. पहिलाच आणि किरकोळ गुन्हा, म्हणून पोलिसांनी प्रकरण कोर्टाऐवजी इथे धाडले होते. मुलीने आपल्या तोंडाने चूक कबूल करावी, शिंप्याने भरपाई सांगावी, की मिटले. आज न मिटल्यास मात्र कोर्टाची पायरी अटळ होती.

मध्यस्थ बाईंनी टेबलाच्या काचेवर एक गुळगुळीत गोटा ठेवला. "इथला नियम एकच. ज्याच्या हाती गोटा, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं."

आजींना नियम मनापासून पटला. त्यांच्या घरी तो लग्नापासूनच लागू होता. फक्त गोटा नव्हता. त्यांनी तो उचलला.

"आमच्या घरातल्या कुणीही कोर्ट आतून पाहिलेलं नाही," आजींनी सुरुवात केली. मग सासऱ्यांची सचोटी झाली, दिरांची शिस्त झाली, नातीचे दुधाचे दात झाले. नातीने हात पुढे केला.

"आजी, मला जरा..."

"गोटा आहे का तुझ्या हातात?"

मध्यस्थ बाईंनी तोंड उघडले. आजींनी गोटा वर करून दाखवला. बाईंनी तोंड मिटले. स्वतःच घातलेला नियम चारचौघांत मोडायचा तरी कसा?

अखेर शिंपी उठला. "माझं गिऱ्हाईक खोळंबलंय. तुमचं पुराण संपलं की कोर्टातच भेटू."

"खाली बसा!" आजी कडाडल्या आणि शब्दाला वजन यावे म्हणून त्यांनी गोटा टेबलावर आपटला. काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली. शिंपी बसला.

"आजी, ही काच कचेरीची आहे," मध्यस्थ बाई हळूच म्हणाल्या.

"काचच पातळ होती."

आपटताना सुटलेला गोटा आता कुणाच्याच हातात नव्हता. नातीने तो झटकन उचलला.

"शिंपीकाकाही असंच म्हणाले होते. मी म्हटलं, माझ्या कोटाच्या बाह्या आखूड झाल्यात. तर म्हणे, बाह्या बरोबर आहेत, पोरीचेच हात लांब आहेत. सगळं दुकान हसलं. म्हणून काढल्या मिशा. पण ज्यांचा कोट खराब झाला, त्या बाईंनी माझं काय केलं होतं? चुकलं माझं, काका. दर शनिवारी दुकानात येते. पडेल ते काम सांगा."

शिंप्याने गोटा मागून घेतला आणि तो तळहातावर घोळवत राहिला.

"बाह्या दोन बोटं आखूडच होत्या," तो म्हणाला. "ये शनिवारी. आधी तुझ्याच बाह्या उसवू. आत कापड सोडलेलं आहे मी."

मिटले. आजी पदर सावरून उठल्या, तोच मध्यस्थ बाईंनी गोटा त्यांच्यापुढे धरला. "काचेचं राहिलंय."

"माझी पाळी होऊन गेली."

"अठरा वर्षांवरच्यांना इथली सोय नाही, आजी. तुम्हाला कोर्टच. पण आत्ता बोललात, तर मी कुणाला कळवायची नाही."

मघाशी हातून सुटत नसलेला तो गोटा आजींनी आता दोन्ही हातांनी घेतला. त्यांनी छताकडे पाहिले, तडकलेल्या काचेकडे पाहिले, नातीकडे मात्र पाहिले नाही. ओठ हलले.

"ऐकू आलं नाही," शिंपी म्हणाला.

"मला आलं," नात म्हणाली आणि तिने आजींच्या हातांतून गोटा अलगद काढून घेतला.

नियमाप्रमाणे आता आजींना बोलता येणार नव्हते. त्यांनी नियम काटेकोर पाळला, अगदी कचेरीच्या शेवटच्या पायरीपर्यंत.