शेतीच्या शोधावरचं बनियन

"सन चुकला की सगळंच चुकलं."

बाबांचा हा आवाज लहानपणापासून माझ्या कानात बसलाय. ते शाळेत इतिहास शिकवत आणि घरीही सोडत नसत. शाबासकी मात्र त्यांच्या तोंडून कधी निघाली नाही. म्हणून लेकीला इतिहास शिकवायची पाळी आली, तेव्हा मी चहा ओतता ओतता जाहीर केलं, "मी असा शिकवीन की बाबा बघतच राहतील."

"बघू," बाबा पेपरामागून म्हणाले.

गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या सगळ्या दोऱ्या सोडल्या आणि एकमेकींना जोडल्या. एक वीत म्हणजे शंभर वर्षं. स्वयंपाकघराच्या खिडकीला 'आज' बांधला. मग दोरी चालली ओट्यावरून, दोरी चालली दारातून. तिच्यावर चिमट्यांनी चित्रं लावली: चपलांच्या कपाटाशी पिरॅमिड, उंबऱ्याबाहेर चाक, जिन्याच्या तळाशी शेती. गुहेतल्या चित्राला चिमटा लावला, तेव्हा आम्ही मायलेकी फाटकाबाहेर गल्लीत उभ्या होतो.

"आई, एवढं जुनं?" लेक कुजबुजली, जणू कुणी झोपलेलं जागं होईल.

परतलो तर शेजारच्या काकू दारात. गच्चीवर दोरी सापडेना, इथे सापडली. घातली त्यांनी ओली चादर! त्यांचं बघून वरचे शिंपीकाका आले, मग अख्खी इमारत आली.

"काकू, त्याखाली चाक आहे हो."

"वाळली की काढते. चाक काय पळून जातंय?"

काय करणार, शेवटी आमच्याही धुण्याची बादली मी त्याच दोरीवर रिकामी केली.

"आणि या दोरीवर आजोबा कुठे?" लेकीने विचारलं. ती खिडकीशी धावली, इवलीशी वीत दोरीवर ठेवली. "इथे. मी, आई, आजोबा, काकू, सगळे एवढ्यातच."

काकूंनी वाकून ती वीत पाहिली. मग दारातून लांब गेलेली दोरी पाहिली. हातातली बादली त्यांनी हळूच खाली ठेवली.

बाबा उठले. एकेक ओला कपडा बाजूला सारत, दोरीला बोट लावून, पार फाटकापर्यंत गेले. मी जीव मुठीत धरून थांबले. आता कुठला तरी सन चुकलेला निघणार.

बऱ्याच वेळाने परतले.

"तारखा सगळ्या पाठ होत्या मला," ते म्हणाले. "पण हे एवढं लांब आहे, हे कधी दिसलंच नव्हतं. छान शिकवतेस गं पोरी."

माझे डोळे भरून आले.

"आणि शेतीच्या शोधावर माझं बनियन आहे," बाबा म्हणाले. "ते आधी उतरव. लोक येता-जाता बघतायत."