धाडचे आठ डॉक्टर

तार आली तेव्हा पंजाबराव मोरे आपला टाय शोधत होता. टाय सापडला, पण तो पाळण्याला बांधलेला होता आणि पाळण्यात पोरगं झोपलेलं होतं.

"याची दोरी काऊन केली?" पंजाबराव दबक्या आवाजात ओरडला.

"दोरी तुटली," सत्यभामा म्हणाली. "अन् तुमच्या गळ्यात राहून तरी तो काय उजेड पाडून राह्यला? झेडपीचा चपराशी दोन वर्षांत पक्का झाला. तुमी बीएस्सी, टायवाले, अन् अजून कच्चेच!"

हे खोटं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. पंजाबराव मुंबईच्या एका औषध कंपनीचा बुलढाणा जिल्ह्यातला प्रतिनिधी होता. नेमणूक सहा महिन्यांच्या उमेदवारीवर झाली होती. सहा महिने भरत आले, की कंपनी मोठ्या मायेने उमेदवारी आणखी सहा महिने वाढवायची. असं तिसरं वर्ष चालू होतं. उमेदवाराला पगारवाढ नाही, रजा नाही, आणि खेड्यात गेलं की भत्ता निम्मा. खेड्यात माणसाला भूक निम्मी लागते, असं मुंबईत कुणीतरी ठरवलं होतं. टाय मात्र पूर्ण लागायचा. एस.टी.च्या शेवटच्या सीटवर, कोंबड्यांच्या टोपलीला मांडी लावून बसतानासुद्धा.

तार नागपूरच्या एरिया मॅनेजरची, गुप्तेसाहेबांची होती. गुरुवारी धाड गावाला येतो, बरोबर फिरू, तुम्हाला कायम करायचं की घरी पाठवायचं ते त्यानंतर ठरवू.

"चांगलं झालं की," सत्यभामा म्हणाली.

"काय चांगलं? धाडले आठ डॉक्टर हायेत!"

"मंग?"

"मंग एकच हाय!"

कंपनीचा नियम होता, की प्रतिनिधीने रोज आठ डॉक्टरांना भेटलंच पाहिजे. नियम करणाऱ्याच्या खिडकीतून आठ दवाखाने दिसत असावेत. धाडला डॉक्टर एक, पण रिपोर्टात आठ भरले नाहीत तर तो निम्मा भत्ताही जायचा. त्यामुळे आधीच्या प्रतिनिधीने मागे ठेवलेले सात डॉक्टर पंजाबरावने इमानेइतबारे सांभाळले होते. ते सात फार सज्जन होते. त्याला बाहेर ताटकळत ठेवत नसत आणि कंपनीच्या बलोटोन टॉनिकबद्दल नेहमी चांगलं बोलत. खरे डॉक्टर अर्जुनराव तेवढे शिव्या द्यायचे.

गेल्या वर्षी एकदा मात्र पंजाबरावचं डोकं फिरलं. आठाचे सात तरी होतील म्हणून त्याने त्यातले डॉ. शेवाळे मारून टाकले. कंपनीने शेवाळे कुटुंबाला शोकपत्र पाठवलं आणि पंजाबरावला कळवलं, की दुःख आवरून नवा आठवा डॉक्टर शोधावा.

गुरुवारी पहिल्या गाडीने तो धाडला उतरला आणि थेट अर्जुनरावांच्या दवाखान्यात घुसला. सगळं ऐकून अर्जुनराव भडकले.

"असं हाय होय! मी म्हणतो कंपनीचे आठ कॅलेंडर पोस्टमन माह्याच घरी काऊन टाकते! गोठ्यातल्या म्हशीलेबी तारीख पाठ झाली माह्या!"

"डॉक्टरसाहेब, पोटावर पाय येऊन राह्यला जी."

"येऊ दे. खोटं मी नाही बोलत." अर्जुनरावांनी चष्मा पुसला. "पण कंपनी भत्ता अर्धा देते म्हणता?"

"हाव."

"अन् डॉक्टर पुरे आठ मागते?"

"हाव जी."

"हरामखोर बे!" अर्जुनराव उठले. "थांब. आज बाजार हाय. माणसाले काय तोटा?"

गुप्तेसाहेब बाराच्या उन्हात आले. टाय, बूट, हातात चामड्याची बॅग. अर्जुनरावांना भेटून ते म्हणाले, "चला, पुढचे?"

पुढचे होते ढोरांच्या दवाखान्याचे रामराव. ते पाटी झाकायला टांगलेलं धोतर सावरत उभे होते. गुप्तेसाहेबांनी बलोटोनची महती सांगितली, जेवणानंतर दोन चमचे म्हणाले.

"अन् बैलाले?" रामरावांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

पंजाबरावने डोळे मिटले. गुप्तेसाहेब पापणीही न हलवता म्हणाले, "वजनाच्या मानाने, डॉक्टर."

त्यानंतर अंबूबाई सुईण. तिने नमुन्याची बाटली तिथंच तोंडाला लावून रिकामी केली, पदराने ओठ पुसले आणि विचारलं, "गोड हाय रे बापू. आणखीन हाय का?" गुप्तेसाहेब म्हणाले, "डॉक्टरीणबाईंचा प्रतिसाद उत्तम आहे." मग बाजारात बसणारा दात काढणारा, हाड बसवणारे बुवा, डोळ्यांत सुरमा घालणारे चाचा, आणि दवाखान्यात गोळ्या पुड्यांत बांधणारा कंपाउंडर. आठवा माणूस काही मिळेना. तेव्हा अर्जुनराव स्वतःच फेटा बांधून किराणा दुकानाच्या ओट्यावर येऊन बसले. गुप्तेसाहेबांनी त्यांना नव्याने नमस्कार केला.

"भेटून आनंद झाला, डॉक्टर."

"मलेबी," अर्जुनराव म्हणाले. "त्या दवाखान्यातल्या डॉक्टरकडे जाऊ नका. लई चिडका हाय."

आठ झाले. पंजाबरावने घाम पुसला. स्टँडवर चहा घेताना गुप्तेसाहेब म्हणाले, "पण मोरे, शेवाळे राहिले."

"डॉक्टर शेवाळे वारले, सर. गेल्या वर्षी. मी कळवलं होतं."

"मला कुणी बोललं नाही." गुप्तेसाहेबांनी कप खाली ठेवला. "कशाने?"

"हार्ट, सर."

गुप्तेसाहेबांचा चेहरा एकदम उतरला. "याच बाकावर बसून मी त्यांना जन्माला घातलं हो. बासष्ट साली. मी इथं प्रतिनिधी होतो, दुसरा कप चहा परवडत नव्हता, आठवं नाव सुचत नव्हतं. त्या विहिरीवर शेवाळं होतं... माझा सगळ्यात चांगला डॉक्टर! त्याच्या जिवावर मी मॅनेजर झालो. आणि तुम्ही त्याला हार्टने मारलंत?"

पंजाबरावचा संताप उसळला.

"म्हणजे तुमाले ठाऊक होतं! अन् माह्यासमोर बैलाचं वजन सांगून राह्यले! सांगा ना मुंबईले, की धाडले एकच डॉक्टर हाय!"

"आणि मग ते विचारतील, बासष्ट साली आठ कुठून आले?" गुप्तेसाहेबांनी टाय नीट केला. "ते जाऊ द्या. तुम्ही दुकानांना माल विकता, ते खरं काम आहे, मला मान्य आहे. पण आमचा सर्वोत्तम डॉक्टर तुमच्या हातून गेला. या परिस्थितीत तुम्हाला कायम कसं करणार? उमेदवारी सहा महिने वाढवतो. तेवढ्यात शेवाळ्यांचा मुलगा आणा. एमबीबीएस करा. वडिलांची गादी चालवतोय म्हणून लिहा."

पंजाबरावने दात खाऊन ज्युनिअर शेवाळे जन्माला घातले, तेही थेट एमबीबीएस.

दोन महिन्यांनी मुंबईहून पंजाबरावला पत्र आलं. खेड्यात जाऊन वडिलांची सेवा पुढे चालवणाऱ्या तरुण डॉक्टरचं कंपनीला कौतुक वाटलं होतं. मुंबईच्या डॉक्टर संमेलनाला त्यांनी यावं. फर्स्ट क्लासचं तिकीट सोबत होतं, हॉटेलात उतरायची सोय होती.

पंजाबरावने पत्र पुन्हा वाचलं. त्याचा आवाज चढला. "मी जिवंत माणूस! मले कोंबड्यांजवळ बसवते! अन् जो जन्मालेच आला नाही त्याले फस्ट क्लास?"

सत्यभामा पीठ मळत होती. ती म्हणाली, "तिकिटावर फोटो असते का जी?"

मलकापूर स्टेशनवर पंजाबराव टाय न लावता, धुतलेला बुशशर्ट घालून चढला. मुंबईला त्याला उतरवून घ्यायला संमेलनासाठी आलेले खुद्द गुप्तेसाहेब उभे होते, शेजारी कंपनीचे जनरल मॅनेजर, ज्यांनी पंजाबरावला कधी पाहिलं नव्हतं. पंजाबरावला पाहून गुप्तेसाहेबांचा रंग उडाला. पण बोलणार काय? आणि कुणाला?

"या डॉक्टरसाहेब," ते कसंबसं म्हणाले.

"बॅग घ्या," डॉ. शेवाळे म्हणाले. गुप्तेसाहेबांनी बॅग घेतली.

संध्याकाळच्या मेजवानीत जनरल मॅनेजरांनी अदबीने विचारलं, "डॉक्टर, आमच्या कंपनीबद्दल काही सूचना?"

डॉ. शेवाळ्यांनी काट्याने बटाटा टोचला. "तुमचा तो पंजाबराव. उन्हात टाय लावून हिंडते बिचारा. तीन वर्षं त्याले कच्चा ठेवला म्हणते? आम्ही डॉक्टर लोक त्याच्यासाठीच तुमचं औषध लिहितो. तो गेला, तर आम्ही आठच्या आठ दुसऱ्या कंपनीकडे जाऊ."

"आठही?" जनरल मॅनेजर दचकले.

"आमचं सगळ्यांचं एकमत हाय. विचारा गुप्तेसाहेबांना."

"एकमत आहे," गुप्तेसाहेब ताटात बघत म्हणाले.

पंधरवड्यात पत्र आलं. पंजाबराव मोरे कायम झाला होता. पगारवाढ होती, रजा होती, खेड्याचा भत्ताही पूर्ण केला होता. सत्यभामेने साखर वाटली आणि पाळण्याला नवी दोरी आणली. पंजाबराव पत्राचा शेवट मात्र परत परत वाचत होता. डॉ. शेवाळे यांचं महत्त्व लक्षात घेऊन त्यांची भेट यापुढे महिन्यातून एकदा न घेता रोज सकाळी घ्यावी. टाय अनिवार्य.

"आता?" सत्यभामेने विचारलं.

पंजाबरावने पाळण्याचा टाय सोडला, गळ्यात बांधला आणि भिंतीवरच्या आरशापुढे उभा राहिला.

"नमस्कार, डॉक्टरसाहेब," तो चरफडत म्हणाला.