कंसातला मेश्राम

मेश्राम बोलताना मध्येच दोन्ही तळहात उभे करतो. एक तोंडाच्या डावीकडे, एक उजवीकडे, थोडे वाकवून. नवख्या माणसाला वाटतं, याला शिंक येतेय. बायकांना वाटतं, आता नमस्कार करणार. तसं काही नसतं. तो कंस घालत असतो.

"कंसात सांगतो, देवधरजी," तो म्हणतो, "तुमच्या सदऱ्याचं बटण उघडं आहे."

मेश्राम आणि मी एकाच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात. मी यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं काढणार आणि तो लाल पेन्सिल घेऊन ती तपासणार. आमच्या धंद्यात एखादं माप कंसात लिहितात. म्हणजे हे फक्त माहितीपुरतं. बाकीच्या मापांची बेरीज केली की ते निघतंच. त्यावरून कुणी काही बनवायचं नाही आणि कुणी ते तपासायचं नाही. बिनकंसाचं माप मात्र पाळावंच लागतं. कागदावर हे ठीक आहे. मेश्रामनं ते संसारात आणलं. त्याचं स्वतःचं लग्न झालेलं नाही, त्यामुळे शेजाऱ्यांच्या संसारात.

वारज्याला त्याचं दार आमच्या दारासमोरच. मूळचा भंडाऱ्याकडचा. हॉलमध्ये बुद्धाची तसबीर भिंतीच्या बरोब्बर मध्यरेषेवर. सोफा चार बोटं सरकला तरी याला चैन पडत नाही. शिवाय कुठलीही गोष्ट तो एकदाच सांगतो, कारण ड्रॉइंगवर एक माप एकदाच द्यायचं असतं. दोनदा दिलं की कधी ना कधी दोघांचं भांडण होतं. "काय म्हणालात?" असं विचारलं की संपलंच. "सांगतलं ना जी. एक माप एकदाच." वाण्यानं ऐकण्यात चूक केली म्हणून हा गृहस्थ साखरेऐवजी मीठ घेऊन घरी आलेला आहे, पण दुसऱ्यांदा बोलला नाही.

असल्या माणसाचा कुणी हेवा करेल? मी करतो. बिनकंसाचं सांगतो, मी या माणसावर जळतो.

त्याचं असं झालं. माझी मुलगी मुक्ता इंजिनिअरिंगला गेली आणि पहिल्याच वर्षी तिला ड्रॉइंग हा विषय आला. मला कोण आनंद! बाप उभा जन्म ड्रॉइंग बोर्डावर वाकलेला, पोरीला दुसरा मास्तर हवाय कशाला? जेवणं झाली की टेबल पुसून मी शिकवायला बसायचो. तेव्हा देशाची दारं नुकती उघडली होती. कारखान्यात अमेरिकेच्या ऑर्डरी आल्या होत्या, त्यांची ड्रॉइंगं माझ्याकडे होती आणि मी जरा हवेतच होतो. आता गंमत बघा. एखादी वस्तू वरून कशी दिसते, ते चित्र आपल्याकडे समोरच्या चित्राच्या खाली काढतात, आणि अमेरिकेत वर. मला अमेरिकेची सवय लागलेली. मी पोरीला सगळं वर काढायला शिकवलं. कॉलेजच्या मास्तरांनी चाचणीत तिच्या आख्ख्या शीटवर तिरपी रेघ ओढली.

चूक माझी नव्हती, अमेरिकेची होती. पण पोरगी डोळे पुसत म्हणाली, "बाबा, तुम्ही अमेरिकेलाच जा." ड्रॉइंग बोर्ड काखोटीला मारला आणि समोरच्या दारात जाऊन उभी राहिली.

ती तिथलीच झाली. कॉलेजातून आली की बोर्ड घेऊन समोर. दाराआडून हसण्याचे आवाज यायचे. अहो, मला सांगा, व्यासाच्या खुणेत हसण्यासारखं काय असतं? गोल आणि त्यातून एक तिरकी रेघ. मी वीस वर्षं ती खूण काढतोय, मला एकदाही हसू आलेलं नाही.

एकदा जेवताना सुलभानं, म्हणजे आमच्या हिनं, मुक्ताला दुसऱ्यांदा विचारलं, "भात वाढू का गं?" तर कार्टी म्हणते, "एक माप एकदाच, आई." आणि मग दोन्ही तळहात तोंडाशी उभे करून, "कंसात, आमटी खारट झालीये." सुलभा खो खो हसली. माझी पोर, माझ्या ताटासमोर बसून, दुसऱ्याचे हात करत होती.

"काय शिकवतात गं एवढं?" मी एकदा विचारलंच.

"ते म्हणतात, तुझ्या बाबांची रेघ आख्ख्या ऑफिसात कुणाची नाही. तशी काढ."

हे ऐकून तर मी आणखीनच जळलो. माणसानं धड रागही येऊ देऊ नये म्हणजे काय!

मुक्ता त्या विषयात कॉलेजात पहिली आली. पेढे मी वाटले, आणि सोसायटीतला जो तो पेढा तोंडात टाकून म्हणाला, "मेश्रामांनी करून दाखवलं हो!"

पुढे तिला हिंजवडीत नोकरी लागली. परदेशी गाड्यांची ड्रॉइंगं, सगळी कॉम्प्युटरवर. कंपनीनं एकदा घरच्यांना ऑफिस बघायला बोलावलं. मुक्ता सकाळीच बसनं गेली, जाताना बजावून गेली, "काकांना आणल्याशिवाय येऊ नका."

मेश्राम आमच्या आधी तयार होऊन खाली उभा होता. नवा सदरा, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

हिंजवडीच्या फाटकावर सिक्युरिटीवाल्यानं नावं लिहायला घेतली. "आई. वडील. आणि आपण कोण?"

मेश्रामनं तळहात उभे केले. "काका. पण कंसात. माहितीपुरतं."

तो बिचारा बावचळला. "नात्यातले नाहीत? मग सोडता येणार नाही. फक्त फॅमिली."

"बरोबर आहे जी," मेश्राम लगेच म्हणाला. "या तुम्ही जाऊन. माझ्यावाचून काही अडत नाही." आणि भिंतीच्या कडेला, सावलीही नव्हती तिथे, जाऊन उभा राहिला. नव्या सदऱ्याची बाही उगीचच सरळ करत.

झालं की मनासारखं! आज तरी पोर माझ्या एकट्याची. दोन पावलं आत गेलोसुद्धा. पण मला पक्कं ठाऊक होतं, भेटल्या भेटल्या पोरगी काय विचारणार. "काका कुठायत?" त्यावर मी काय सांगणार होतो? उन्हात?

मी मागे फिरलो. "लिहा, काका. माझे थोरले भाऊ."

"आडनाव वेगळं आहे साहेब..."

"तुमच्या कागदावर भावांची आडनावं जुळवायचा रकाना आहे का? नाही ना? मग लिहा."

मेश्रामचे हात पुन्हा वर निघाले. आता हा खरं बोलून सगळं मातेरं करणार! सुलभानं पोरीच्या ऑफिससाठी केलेला बेसनाच्या लाडवांचा मोठा डबा माझ्याजवळ होता. तो मी त्याच्या दोन्ही हातांत कोंबला. "धरा. नीट धरा, झाकण सैल आहे."

आम्ही आत निघालो. थोडं चालल्यावर तो म्हणाला, "कंसात सांगतो, देवधरजी..." आणि थांबला. दोन्ही हात डबा धरण्यात अडकलेले. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, डबा ठेवायला जागा नव्हती.

मग तसाच म्हणाला, "घरचं माणूस म्हणून मला आजवर कोणी कुठं नेलं नव्हतं."

मला नीट ऐकू आलं होतं. तरी मी म्हटलं, "काय म्हणालात?"

मेश्रामनं ते पुन्हा सांगितलं.

समोरून मुक्ता धावत आली, आणि आधी त्याच्याच पाया पडली. जळलो. पण डबा मी त्याच्या हातून शेवटपर्यंत परत घेतला नाही.