म्हादूअण्णा आणि पांडवांचं राहिलेलं शिखर

आमच्या वाडीत कोंबडा आरवायचा तो ऊन अंगणात आल्यावर. ह्यात कोंबड्यांचा काही दोष नव्हता. म्हादूअण्णा गुरव रोज दिवेलागणीला घरोघर हिंडून खुराड्यांवर घोंगड्यांचे तुकडे टाकत आणि सकाळी देवाची पूजा आटोपल्यावर काढून नेत. अंधार असेतो कोंबड्याला रात्रच वाटते, असा त्यांचा हिशेब. खालच्या कामथडी गावची माणसं बाजारात गाठून विचारायची, "काय पाव्हणं, उजाडलं का तुमच्याकडं?" सोयऱ्यांत मान वर करायची सोय राहिली नव्हती.

ह्या सगळ्याचं मूळ धारेश्वराच्या देवळात. देऊळ फार जुनं, काळ्या दगडाचं. चुना नाही, माती नाही, घडीव दगडावर दगड नुसता बसवलेला. भर उन्हाळ्यात गाभाऱ्यात शिरलं तर अंगावर काटा यावा असा गारवा. फक्त शिखर नाही, वर सगळं सपाट. पांडवांनी म्हणे हे एका रात्रीत बांधायला घेतलं, शिखर तेवढं राहिलं आणि कुणाचा तरी कोंबडा आरवला. उजाडलं समजून पांडव हत्यारं टाकून निघून गेले. अशी गोष्ट मुलखातल्या पुष्कळ देवळांची सांगतात आणि लोक ती ऐकून सोडून देतात. म्हादूअण्णांनी ती मनाला लावून घेतली. राहिलेलं काम पुरं करायला पांडव एखाद्या रात्री परत येणार, आणि त्या रात्री आमच्या वाडीतल्या कोंबड्यानं घात करता कामा नये. ही जोखीम त्यांनी आपल्या डोक्यावर घेतली होती. गुरवाचं चित्त निवदावर असं म्हणतात. आमच्या गुरवाचं खुराड्यावर.

मी भिंतीला भिंत लागून शेजारी, म्हणजे पहिली धाड माझ्याच घरावर. एकदा वैतागून म्हणालो, "अण्णा, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?"

"फुटू दे की. तांबड्याला कोण आडवतंय? ह्येनं वरडायचं न्हाई, एवढंच."

आता ह्यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा. पुढं जावईबापू आले म्हणून आमच्या घरात तो कोंबडा कापला. अण्णा स्वतः कधी मटणाला न शिवणारे, पण दारात येऊन माझ्या बायकोला म्हणाले, "बरं केलंस पोरी. येक बोलणारा कमी झाला."

पांडवांविषयी ते भावकीतल्या माणसांसारखं बोलत, म्हणजे तक्रारीच जास्त. कुणी परगावचा देऊळ बघायला आला की त्याला हाताला धरून फिरवत. "ह्यो खांब वाकडा दिसतो न्हवं? भीमाचं काम. त्येचं समदं ध्यान जेवणावर. ही येलबुट्टी बघा, सहदेवाची. हात लई हलका. थोरला नुसता बसून सांगत आसंल. आन् नकुळानं काय केलं कुणाला ठावं, म्या तर त्येचा येक दगुड बघितला न्हाई."

एकदा भोरहून कुणी शिकलेले साहेब आले. त्यांनी खांब न्याहाळून सांगितलं, की पांडवांचा इथं काही संबंध नाही, हे बांधकाम हेमाडपंती. अण्णांनी शांतपणे मान डोलावली. "व्हय, हेमाडपंत बी आलं आसतील. येवढं मोठं काम, देखरेखीला कुणीतरी लागतंच." साहेबांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि चहा कुठं मिळेल ते विचारलं.

दुसरी मोठी लढाई संपली त्या साली पिकं बरी आली आणि पाटलांच्या मनात आलं, की देवळाला विटांचं शिखर चढवू. चुना आला, विटा आल्या, शिरवळहून गवंडी आले. आणि कामाच्या दिवशी बघतो तर म्हादूअण्णा देवळाच्या छपरावर, बरोबर शिखराच्या जागी मांडी घालून बसलेले.

"अण्णा, खाली या," पाटील म्हणाले.

"न्हाई."

"आवो, पांडवांना शिखर हवंच हुतं की. आपुन केलं तर त्यास्नी बरंच वाटंल."

लोक हसले. बोलणं बिनतोड होतं. हेमाडपंतांना कामाला लावणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी मांडी तेवढी आवळून घेतली. गवंडी विड्या ओढायला लागले तसे पाटील मला म्हणाले, "शेजारी हाईस, तू जा. उतरव म्हाताऱ्याला."

मी शिडीनं वर गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच. दुपारी अण्णा तिथं चढून बसतात ते आम्हाला ठाऊक होतं. कुणाचा कोंबडा आरवतो ह्याची टेहळणी करत असतील, असं समजून आम्ही हसायचो. वर त्यांचा तांब्या होता, पानतंबाखूची चंची होती, अंथरलेलं पोतं होतं. पण पोतं बसणाऱ्याची पाठ वाडीकडं होईल असं घातलेलं. समोर झाडांच्या फटीतून खाली पुणे-साताऱ्याची सडक दिसत होती, आणि कामथडीचा मोटारीचा थांबा.

शंकर, त्यांचा एकुलता एक मुलगा, पलटणीत गेला होता. आसपासच्या गावची पोरं परत आली, तो आला नव्हता. त्याची काही खबरही नव्हती. अण्णा त्याचं नाव कधी काढत नसत, म्हणून आम्हीही काढत नव्हतो.

"किसना," ते म्हणाले, "साऱ्या गावात हितनंच सडक दिसती. शिखार झाल्यावर म्या कुठं बसू?"

खाली वाकून मी पाटलांना ओरडून सांगितलं, की औंदा काम ऱ्हाऊ द्या, शंकर आला म्हणजे बघू. खाली कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं पाटलांनी गवंड्यांना विटा धर्मशाळेत रचायला सांगितल्या.

मी पोत्यावर त्यांच्याशेजारी बसलो. बऱ्याच वेळानं पुण्याकडची मोटार धुरळा उडवत आली आणि थांब्यावर उभी राहिली. अण्णा गुडघ्यांवर हात रेटून उठले, मीही उठलो. एक बाई उतरली, तिच्यामागं बोचकं घेतलेला एक म्हातारा. मोटार निघून गेली.

"बसा अण्णा," मी म्हणालो. "आजून सांजची गाडी हाय."