हौदातले साहेब

माझ्या मृत्यूची बातमी मला कॅन्टीनमध्ये कळली, पोह्यांच्या रांगेत. म्हात्रे मामा दारातनंच ओरडले, "रिपोर्टवाले गेले! सकालीच. पोट वर करून."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पोहे तसेच टाकून खाली धावलो. गेलेला मी नव्हतो, माझ्या नावाचा मासा होता. तोही दिसला नाही, मामांनी केव्हाच उचललेला.

डोंबिवलीत आमचा कापडाच्या रंगांचा कारखाना. रंग करून उरलेलं सांडपाणी साफ करायचं काम मामांकडे. टाक्यांमधून फिरत फिरत ते शेवटी एका हौदात येतं आणि मग बाहेरच्या नाल्यात जातं. त्या हौदात मामा मासे सोडतात. मासा जगला तर पाणी पास. इथपर्यंत ठीक होतं, पण प्रत्येक माशाला ते एकेका साहेबाचं नाव देतात. त्यामुळे "एचआर मॅडमना धाप लागलीय" असली वाक्यं आमच्याकडे सर्रास ऐकू येतात. मोठे साहेब तर एकदा आठवड्यात दोनदा वारले.

मी राहतो ठाण्याच्या नौपाड्यात आणि लिहितो कंपनीचा इंग्रजी पर्यावरण अहवाल. म्हणजे मुखपृष्ठावर हिरवी पानं, पानांमागून हसणारी एक मुलगी (कोणाची कोण जाणे), आणि आत 'आम्ही वचनबद्ध आहोत' हे वाक्य जमेल तितक्या वेळा. पहिला अहवाल मी मोठ्या अभिमानानं मामांना वाचून दाखवलेला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला, हातावरची तंबाखू झटकली.

"झ्याक हाय," म्हणाले. "पन माशाला इंग्रजी येत नाय."

तेव्हापासून माझ्या प्रत्येक कागदावर त्यांचा हाच शेरा.

त्यांचा स्वतःचा अहवाल हौदाच्या भिंतीवर असायचा, खडूनं. मासा किती दिवस टिकला, तेवढा एक आकडा. आधी चार होता, मग सात. वीज वाचावी म्हणून मॅनेजर पाण्यात हवा सोडणारा पंप दुपारचा बंद करायचा. मामा डबा घेऊन त्या पंपाच्या बटनाखालीच जेवायला बसू लागले आणि आकडा अकरावर गेला! त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. मी पेढा खाल्ला, पण ही प्रगती अहवालात काही घातली नाही. 'मासा अकराव्या दिवशी मरतो' हे इंग्रजीत फारच वाईट दिसत होतं.

यंदा परदेशातलं मोठं गिऱ्हाईक पाहणीला येणार होतं. मोठ्या साहेबांनी विचारलं, "या वर्षी आपलं उद्दिष्ट काय?"

"माशांचे मृत्यू शून्य, सर."

"जमेल?"

इथे माझ्या अंगात आलं. "सर, रिसेप्शनला मोठा टीव्ही लावू. त्यात मासे पोहत ठेवू."

टीव्हीतला एकही मासा मेला नाही. पाहुण्यांनी काचेवर टकटक केलं, फोटो काढले. मला चषक मिळाला, वापरलेल्या प्लास्टिकचा. तळाशी तसं छापलंय. आता पाणी टाकीतून थेट नाल्यात सोडायचं, सोमवारी हौद बुजवायचा आणि तिथे साहेबांच्या गाडीसाठी शेड घालायची, असं ठरलं. गाडी विजेवरची, म्हणजे तेही हिरवंच.

ओल्या फडक्यानं मामांनी भिंतीवरचे अकरा पुसले आणि दोन दिवस आलेच नाहीत. 'हौदाची गरज उरलेली नाही' या कागदावर त्यांची सही हवी होती, म्हणून रविवारी मी त्यांच्या घरी गेलेलो.

चहूकडे टॉवर, मधे त्यांचं कौलारू घर, मागे विहीर. मामी गेल्यापासून मामा एकटेच. काठावर बसून शिळा भात टाकत होते. खाली पाणी हललं.

"ते लालवालं मोठं साहेब. दोघंय हायेत. ही एचआर मॅडम, अजून फुगलेलीच हाय. आनि यो बग, कोपऱ्यात, काम नाय धंदा नाय. यो तू."

"मामा, मी मेलेलो ना?"

"तोंड वर काढून हवा गिलाय लागलास का डब्यात घालून घरी आनायचो." शेजारी त्यांचा जेवणाचा डबा उपडा वाळत होता.

"मग मेला म्हणून का सांगायचात?"

"जित्याला बगायला कोन येते?" मामांनी भाताची मूठ सोडली. "तू मेला बोल्लो तवा धावत खाली आलतास. पानी बगलंस. माझ्याजवल दोन घटका बसलास पन."

खिशातल्या कागदाला हात लागला होता. तो तसाच आत ढकलला.

"मामा, डबा भरा. उद्या मला परत हौदात सोडा."

"आनि साहेबाची शेड?"

"सही कुठे झालीय अजून?"

मामांनी मला नीट न्याहाळलं. "बारा दिस काढशील?"

"तुम्ही बटनाखाली बसलात तर."

त्यांनी काठीला बांधलेली जाळी उचलली आणि विहिरीत वाकले.

"भिऊ नको," ते खाली बघत हळूच म्हणाले. "तोंड वर आला का आनीन मी."